कमरुद्दीन टेलरांचे खानदानी पाय

कोपरगावच्या कमरुद्दीन टेलरांनी आयुष्यात एकच काम जीव लावून केलं, ते म्हणजे बसणं. (बसल्या जागी पोट भरतं म्हणूनच त्यांनी शिलाईचा धंदा धरला, असं त्यांच्या बायकोचं, सकीनाचं म्हणणं.) सकीनाची मागणी लहानशी होती. संध्याकाळी नवऱ्यानं आपल्यासोबत गोदावरीच्या घाटापर्यंत यावं. लग्न झाल्यापासून ती हे मागत होती आणि कमरुद्दीन "उद्या जाऊ" म्हणत होते.

अशात पुण्यात शिकणाऱ्या तमन्नाचा, म्हणजे लेकीचा, फोन आला. "अब्बा, आज कॉलेजात शिकवलं. माणूस किती हिंडतो-फिरतो, हे काही अंशी आईबापांकडून रक्तातच येतं. पण..."

पुढचं ऐकायला थांबतो कोण! फोन सकीनाच्या हातात कोंबून कमरुद्दीन पडद्यापलीकडे दुकानात आले आणि ब्लाऊज न्यायला आलेल्या शेजारच्या रंगुबाईंना म्हणाले, "माझ्या पायांचं खानदानी आहे. अब्बांचंही असंच होतं. इलाज नाही!"

दिवस मावळेपर्यंत गल्लीत बातमी झाली, टेलरमास्तरांचे पाय गेले. रंगुबाई तेलाची बाटली घेऊन हजर.

"आवं मास्तर, आदी न्हाई का सांगायचं? लई जालीम तेल हाय. पन उटायचं न्हाई बगा!"

कुणी केळी आणली, कुणी सरबत. कमरुद्दीन खूश. सकीनानं मात्र ओढणी घेतली आणि एकटीच बाहेर पडली. मग रोजच जाऊ लागली.

आणि घर गप्प झालं. पडद्यामागून बांगड्या वाजेनात, चहा झाल्याची हाक येईना. ज्या बाईला त्यांनी इतकी वर्षं "उद्या" सांगितलं, तिची त्यांना दर संध्याकाळी जीवघेणी आठवण येऊ लागली. पण जावं कसं? गल्लीच्या हिशेबी पाय तर गेलेले.

शेवटी एके दिवशी ते मागच्या दारानं सटकले. धापा टाकत घाटावर पोचले, तर सकीना पायरीवर शेंगा खात बसलेली. शेजारची जागा झाडून ठेवलेली.

"तू चालत नाहीस?"

"मी कुठली चालते! रिक्षानं येते. आमच्या खानदानात तरी कोण चाललंय? घरी तुमच्याशी बोलावं तर मधे मशीन, नाहीतर गिऱ्हाईक. इथं तुम्ही शेजारी बसाल, एवढंच होतं माझं."

"मग सांगायचंस ना!"

"तुम्ही ऐकता कुठं? तमन्नाचंही अर्धंच ऐकलंत. ती म्हणत होती, पण सोबत कुणी असलं की माणूस चालायला लागतो."

कमरुद्दीन झाडलेल्या जागेवर टेकले. शेंगा संपेपर्यंत ते तिला खेटून बसले. परतताना रिक्षाच केली, पण गल्लीच्या तोंडाशी उतरले. गल्ली काय म्हणेल ते म्हणो, तेवढं तरी तिच्यासोबत चालावं म्हणून छाती काढून निघाले, तोच रंगुबाई ओरडल्या,

"बगा गं बगा! माज्या तेलानं मास्तर चालाया लागलं!"

तेव्हापासून रंगुबाईंच्या दारात तेलाला रांग असते. संध्याकाळी सकीना रिक्षात बसून हाक मारते, "येताय ना?" आणि तेलाचा गुण म्हणून रांगेसमोरून चालून दाखवणारे कमरुद्दीन काकुळतीनं म्हणतात, "आलोच गं, एवढी एक चक्कर झाली की!"