माकुळाच्या चुलत पणजोबांची अर्धी चोरी

"माझ्या नजरेतून सुटेल अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे," असं भिंगकाका स्वतःच सांगत, कारण दुसरं कुणी सांगत नसे. तीस वर्षं टपालाची छाननी केली, निवृत्त झाले, भिंग घेतलं आणि गुप्तहेर झाले. आज पुतणीने त्यांना बोलावलं खरं, पण पाचव्या मिनिटाला तिला पश्चात्ताप झाला.

तिचे बाबा जन्मभर दगडांतले जुने जीव गोळा करत. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. आज बारा वाजता संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. बाबांचा सगळ्यांत लांब बेलेम्नाइट, म्हणजे समुद्रातल्या दहा हातांच्या मऊ माकुळाच्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुलत पणजोबांचा पोटातला टोकदार आधार, अख्खा दिसला तर बाबांच्या नावाचं काचेचं कपाट. नाहीतर सगळे खोके पुन्हा माळ्यावर. आणि खोक्यात होता फक्त त्याचा बिनटोकाचा अर्धा भाग.

काकांनी त्याची मोडकी बाजू भिंगाखाली धरली. मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत बारीक रेषा होत्या, कापलेल्या लिंबासारख्या.

"नेम मध्यभागी लागलाय. मारेकरी डावखुरा."

या जातीचा प्रत्येक दगड आतून असाच असतो, असं पुतणीने सांगितलं. मग तर टोळी आहे, असं काका म्हणाले. पुढे संशय शिंप्यावर गेला, कारण त्याला खुणा करायला टोकदार खडू लागतो. मग दूधवाल्यावर, कारण त्याचा संशय कुणालाच येत नव्हता. शेवटी पुतणीवर. तिचा जीव टांगणीला आणि हा माणूस तिच्याच बोटांचे ठसे घेतोय!

साडेअकराला काकू नवऱ्याला जेवायला न्यायला आल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, या दगडांचे खण जातवार कुणी लावले? काका छाती काढून म्हणाले, मीच, दीड-दोन वर्षांपूर्वी.

"मग आधी तिथंच बघायचं ना," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांचा संसार होता, उगाच नाही. त्यांनी जुन्या दगडी दातांचा खण ओढला, दातांमधून एक तपकिरी टोक उचललं आणि मोडकी बाजू वर केली. त्याच रेषा. दोन्ही तुकडे जोडून धरले, तर सांधा केसभरही हलला नाही. खणात चिठ्ठी उरली होती, काकांच्या वळणदार अक्षरातली: मगरीचा दात. शंभर टक्के खात्री.

काका खुर्चीत बसले.

"दादा शेवटपर्यंत हे शोधत होता गं. मी रोज त्याच्याबरोबर शोधत होतो."

पुतणीला रागवायचं होतं, पण हसू आणि रडू एकदमच आलं. तिने काकांच्या पाठीवरून हात फिरवला.

बाई वेळेवर आल्या. जोडलेला दगड पाहून खूश झाल्या आणि कपाट नक्की म्हणाल्या. नोंदवही उघडून त्यांनी 'शोधणारा' या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं.

काकांनी घसा खाकरला.

"बाई, शेजारी 'हरवणारा' असाही एक रकाना आखा. त्यात माझं नाव घाला."