बापू रानात जातो

रंगुबाईचं अस्वल घरातून नाहीसं झालं, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण ही झाली, की त्याला चोरी म्हणता येईना.

वस्ती शिंगणापूरच्या शिवेला खेटून. तिथल्या चौकटींना दारं नाहीत. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी. शनिदेव राखण करतो, चोरी होत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आता अशा घरातून माणसाएवढं, कापसानं भरलेलं अस्वल गेलं, तर लोकांनी म्हणायचं काय?

अस्वल मुळात नातीचं, संस्कृतीचं. ती शिकायला नगरला गेली आणि अस्वल आजीकडं राहिलं. म्हातारीनं त्याचं नाव बापू ठेवलं, ओट्यावर खुर्चीत बसवलं आणि जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. भाजी खारट झाली, गुडघा ठणकतोय, सून फटकन बोलली, सगळं बापूला. "घरात ऐकून घेनारं ह्ये एकच तोंड हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

ते तोंड कुठं गेलं हे एकालाच ठाऊक होतं. तिच्या लेकाला, कल्याणला. ज्वारी हुरड्यात आली होती, पाखरांनी उच्छाद मांडला होता आणि बुजगावण्याचं मडकं नेमकं फुटलेलं. सकाळी आई शेजारी गेली तशी त्यानं बापूला मोटरसायकलवर घातलं आणि रानात खांबाला बांधलं. आईला सांजच्याला सांगू, असा हिशेब. पाखरं बापूचं तोंड बघून जी उडाली ती म्हणे सोनईच्या पलीकडं जाऊन टेकली. दिवसभर सोबतीला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कल्याण त्याच्याशी दोन शब्द बोलला. दोनाचे किती झाले, ते त्यालाही कळलं नाही.

सांजेला घरी येतो तर ओट्यावर निम्मी वस्ती. म्हातारी रिकाम्या खुर्चीपाशी बसलेली, दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही.

"चोरी म्हनू नगा," वस्तीतले थोर रंगनाथतात्या बजावत होते. "हितं चोरी हुत न्हाई."

"मग गेलं कुठं?" कल्याणच्या बायकोनं, दिपालीनं विचारलं.

"गेलं आपल्या पायानं."

"कापसाच्या?"

"तुमची म्हैस न्हाई का गेल्ती मागं? तवा इचारलंस का, कशाच्या पायानं म्हनून?"

हे सगळ्यांना पटलं. तेलाचं दुकान चालवणाऱ्या मच्छिंद्रनं लगेच मोबाईलवर बापूचा फोटो सोडला. खाली लिहिलं, 'रंग तपकिरी, स्वभाव शांत, घरी न सांगता निघून गेले आहेत.'

कल्याण तोंड उघडणार, तोच शेजारची भागूबाई म्हणाली, "आन् कुनी नेलंच असंल, तर देव बघून घेईल. डोळं जात्यात असल्यांचं."

कल्याणच्या डोळ्यात रानातली धूळ गेली होती. नेमकं तेव्हाच पाणी आलं.

"डोळ्याला काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"काय न्हाई. आईकडं बघून भरून आलं."

सगळा ओटा हळहळला. असा लेक दिवा लावून शोधला तरी सापडायचा नाही, असं भागूबाई म्हणाली. एवढं ऐकल्यावर खरं सांगायची वाट बंदच झाली. गुपचूप आणून ठेवावं, तर दार नसलेल्या घरात शिरणं जितकं सोपं, तितकंच लपून शिरणं अवघड.

एवढ्यात मच्छिंद्रचा फोन वाजला. कुणी जीपवाला बोलत होता. "तुमचे बापू ज्वारीत उभे हायेत. हात पसरून. दोन हाका मारल्या, पर बोलले न्हाईत. रागात दिसत्यात."

माणसं उठायच्या आत कल्याणनं मोटरसायकलला किक मारली. "तुमी बसा, मी आनतो."

दिवेलागणीला तो परतला. मागं बापू, कमरेला उपरण्यानं बांधलेला. लोकांनी वाट करून दिली.

"कुठं सापडला?" तात्यांनी विचारलं.

"आपल्याच रानात."

"काय करत हुता?"

"पाखरं राखत हुता."

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. तात्यांनी मान डोलावली. "बघा. मुकं जनावर, पर घरची काळजी हाय. आन् तू रं कल्याण? ज्वारी हुरड्यात, आन् तू हिंडतोस मोटरसायकलवर. ह्या अस्वलाकडनं काय तरी शिक."

मग ज्यानं त्यानं कल्याणला दोन-दोन शब्द सुनावले. गावावर बोल आला नाही म्हणून माणसं समाधानानं जेवायला गेली.

रंगुबाईनं पदरानं बापूचं तोंड पुसलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि ताट पुढं ओढलं.

"बापू, तुला कुनी नेलं ते सांगू नगं," ती म्हणाली. "घरातलं नाव बाहीर काढायचं नसतं."

कल्याणचा घास गालातच थांबला.

"पर एक सांग. रानात तुमी दोघंच. त्यो दीसभर तुझ्याशी काय बोलत हुता? माज्याशी तर दिवाळीपास्नं बोलला न्हाई."

बापू समोर बघत राहिला. कल्याणनं घास गिळला, पाणी प्यायला आणि खुर्चीकडं तोंड करून म्हणाला, "बापू, तिला म्हनावं, पोरगी गेल्यापास्नं घरात करमत न्हाई. एवढंच बोलत हुतो."

"बापू, त्याला म्हनावं, मला तरी कुठं करमतंय."

"बापू, तिला इचार, मग मला कवा बोलली का न्हाई?"

"बापू, त्याला म्हनावं, घरात थांबतोस कवा?"

असं बराच वेळ चाललं. मायलेकांनी एकमेकांकडं बघितलं नाही, पण थांबलंही कुणी नाही. दिपाली चुलीपाशी तव्यावरची भाकरी धरून बसली होती. शेवटी तिनंही खुर्चीकडं मान वळवली.

"बापू, दोघास्नी म्हनावं, आदी जेवून घ्या."