चित्राची पाठ

सून वाचनालयात गेली आणि सासूबाईंचे हात शिवशिवायला लागले. तसे ते काल संध्याकाळपासूनच शिवशिवत होते. सुनेच्या टेबलावर एक चित्र येऊन पडलं होतं. हातभर लांब, खिडकीत बसून मासे साफ करणाऱ्या बाईचं. बाई ठीक होती. पण सासूबाईंनी चित्र उलटं करून पाहिलं आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. मागचा पुठ्ठा चहाच्या फडक्यासारखा कळकट, खिळे गंजलेले आणि वर कसल्या कसल्या चिठ्ठ्या नि शिक्के.

चाळीस वर्षं घरचं फ्रेमांचं दुकान होतं. काच, पट्टी, सोनेरी रंग हे समोरचं काम यजमानांचं, पाठीचं काम सासूबाईंचं. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली होती, पण त्यांनी बसवलेला पुठ्ठा कधी सुटला नव्हता. यजमानांनी पाटीवरच लिहून टाकलं होतं : 'पाठीची हमी आयुष्यभर.' यजमान गेले, दुकान मिटलं, हत्यारांची पिशवी तेवढी पलंगाखाली राहिली.

सून चित्रांच्या चोऱ्यांवर पुस्तकं लिहायची. तीन झाली होती, चौथं चालू होतं. "चोर बिचारे एका रात्रीत मोकळे होतात," सासूबाई म्हणायच्या, "ही त्यांच्यापायी दोन दोन वर्षं खुर्ची झिजवते."

तेव्हा तिच्यावर थोडे उपकार करावेत, एवढाच हेतू. त्यांनी पिशवी ओढली, पकडीने एकेक खिळा उपटला. खिळे मात्र जाणत्या हाताने मारलेले दिसत होते. जरासे तिरके, चार चार बोटांवर. "आहे, कुणीतरी नीट शिकलेलं होतं," त्या पुटपुटल्या. त्यांच्या तोंडून कौतुक निघण्याची त्या वर्षातली ही पहिलीच वेळ.

बाराच्या आत नवा पुठ्ठा, नवे खिळे, वर कोरा खाकी कागद. जुना पुठ्ठा टाकायचा कशाला? त्याचे तीन तुकडे केले. एक धुलाई यंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली. एक पिठाच्या डब्यावर, त्याचं झाकण कधीच हरवलं होतं. एक खालच्या शिंप्याला, तो केव्हाचा जाड पुठ्ठा मागत होता.

दोन वाजता सून कॅमेरा घेऊन आली. तिने चित्र उलटं केलं.

"आई, हे... कोणी केलं?"

"कोण करणार? शेजारीण येऊन करेल?"

"मागचा पुठ्ठा कुठंय?"

"तो कळकट? लावला सत्कारणी."

सुनेने कॅमेरा खाली ठेवला. "आई, हे चित्र ऐंशी वर्षांपूर्वी संग्रहालयातून चोरीला गेलं होतं. ते मला पुस्तकात मदत करणाऱ्या प्राध्यापकांना सापडलं. चोरीला गेलेलं ते हेच, याचा सगळा पुरावा त्या पाठीवर होता. संग्रहालयाची चिठ्ठी, शिक्का, सगळं. माझं शेवटचं प्रकरण त्या पुठ्ठ्यावर उभं आहे. पाठीचे फोटो आज काढायचे होते. आणि पाच वाजता ते स्वतः चित्र न्यायला येतायत."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? पाहुण्या चित्राची चिरफाड करू नका म्हणून?"

एवढं बोलून सून खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर सासूबाईंना बरं वाटलं असतं. ओरडण्याला त्यांच्याकडे उत्तरं होती. ही नुसती नखं कुरतडत घड्याळाकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत सासूबाईंच्या हातचं एक चित्र बिघडलं नव्हतं, आणि बिघडलं ते नेमकं घरात. त्यांना काही बसवेना. त्या स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. डब्यावरचा तुकडा तेवढा घेऊन आल्या. पीठ झटकलं, तर तो दोन्ही बाजूंनी कोरा.

शेवटी त्यांनी मुलाला हाक मारली. "उठ! यंत्र उचल!"

"अगं आई, ते चालू आहे. माझे शर्ट आहेत त्यात."

"तुझे शर्ट धुतले जातील, हिचं पुस्तक धुतलं जातंय!"

मुलाने यंत्र तिरकं केलं. पाइप निसटला आणि फेसाचं पाणी बैठकीपर्यंत गेलं. सासूबाईंनी तुकडा ओढला. त्यावर फक्त गुलाबी डाग होता.

"शिक्का कुठंय?" सुनेने विचारलं.

मुलाने अंगातल्या शर्टाची गुलाबी झालेली बाही पुढे केली. "इकडे आला."

"जुनी शाई अशी उठत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचं ऐकायला कुणाला सवड होती! सून फडकं घेऊन बैठकीत धावली होती.

तिघं शिंप्याकडे पोचले तेव्हा साडेतीन झाले होते.

"या मावशी! काय झकास पुठ्ठा दिलात!" शिंप्याने हौसेने दाखवला. "कॉलरचा साचा केला. बघा, गळा कसा आलाय!"

गळा छान आला होता. संग्रहालयाच्या चिठ्ठीतून आरपार आला होता. सुनेच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

"जरा वाकडा होता, म्हणून वाफेची इस्त्री फिरवली," शिंपी म्हणाला. वाफेने चिठ्ठीचा कोपरा सुटला होता. सासूबाईंनी तो नखाने उचलला, आणि त्यांचं नख तिथंच थांबलं.

"ए मास्तर, दे तो इकडे."

"अहो मावशी, साचा माझा..."

"तुला दुसरा देते. दे म्हणते ना!"

जिना चढताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हा मात्र मुलगा घाबरला. "आई, बरं वाटत नाहीये का?"

टेबलाशी येऊन त्यांनी उरलेली चिठ्ठी सोलून काढली. खाली पेन्सिलीच्या चार रेघा होत्या. तीन पुढे फाकलेल्या, एक मागे, कावळ्याच्या पायासारख्या.

"ही माझी खूण," त्या म्हणाल्या. "मला आकडे धड जमत नव्हते, म्हणून हे पाय काढायची. तरीच म्हटलं खिळे एवढे नीट कसे!"

"पण आई, हा पुठ्ठा ऐंशी वर्षांचा आहे."

"ऐंशी वर्षांपूर्वी मी जन्मले तरी होते का? वीसेक वर्षं झाली असतील. एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हणे नाटकासाठी बारा पुठ्ठे हवेत, पण अगदी जुने दिसले पाहिजेत. मी चहाच्या पाण्यात भिजवले, धुरावर वाळवले. खिळे मिठाच्या पाण्यात ठेवले आठवडाभर. यजमान म्हणाले, नाटकातल्या पुठ्ठ्याची पाठ कोण बघतंय? म्हटलं, मी बघते ना!"

सून सावकाश उठली. "दिसायला कसा होता तो?"

"आता काय आठवणार? भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. हिरवा. टोकाला जळकं भोक."

सुनेने वही ओढली. शेवटच्या प्रकरणाची बावीस पानं तिने एका दमात फाडली. नवं पान उघडलं आणि पेन उघडून बसली. नखं कुरतडायचं ती विसरली होती. "आई, चहा किती दाट घ्यायचा इथपासून सांगा."

"चौथ्या पुस्तकाला सासू आठवली," सासूबाई म्हणाल्या. पण खुर्ची ओढून सांगायला बसल्या.

बरोबर पाचला घंटी वाजली. प्राध्यापक आत आले. मफलर हिरवाच होता. त्यांनी चित्रातल्या बाईकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ चित्र उलटं केलं. कोरा खाकी कागद बघून त्यांचा चेहराही तसाच कोरा झाला.

"हे काय केलंत? ऐंशी वर्षांचा पुरावा नष्ट! हा गुन्हा आहे, बाई, गुन्हा!"

"बसा, चहा घ्या," सासूबाई ट्रे घेऊन आल्या. "दाट केलाय."

प्राध्यापकांनी रागाने कप उचलला. कपाखाली तिन्ही तुकडे जुळवून ठेवले होते. मधोमध कावळ्याचा पाय. कप हवेतच राहिला. त्यांनी वर पाहिलं, आणि यावेळी सासूबाईंना नीट पाहिलं.

"नाटक कसं झालं?" सासूबाईंनी विचारलं.

प्राध्यापकांनी मफलरचं जळकं टोक मुठीत लपवलं. कोपऱ्यात सुनेचं पेन मात्र खसाखसा चाललं होतं.

"घाबरू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या दुकानाची आयुष्यभराची हमी आहे. उरलेले अकरा पुठ्ठे कुठल्या कुठल्या चित्रांना लावलेत तेवढं हिला सांगा. तेही बदलून देते."