हात हलला पाहिजे

राजाभाऊंनी सातव्यांदा कप पुढे केला, तेव्हा काचेच्या दाराबाहेर उभा असलेला जहूर रजिस्टरचं एकच पान चौथ्यांदा वाचत होता. आत कॅप्टन जासिम हसत होते. अब्बासचाचा लांब चोचीच्या पितळी किटलीतून पिवळसर कॉफीची धार सोडत होता. राजाभाऊ ती घोटभर कॉफी प्यायचे, रिकामा कप अदबीने पुढे धरायचे आणि अब्बास पुन्हा ओतायचा. जहूरच्या पोटात जे जळत होतं त्याला दोहाचा उन्हाळा जबाबदार नव्हता.

जहूर मूळचा दापोलीकडचा. दोहातल्या एका पहारा दलाच्या शस्त्रागारात तो चौदा वर्षं स्टोअरकीपर होता आणि शस्त्रागाराची एकुलती एक किल्ली त्याच्या कमरेला असायची. पगार बेताचा होता, पण कॅप्टनसाहेबांनाही पिस्तूल हवं असलं की आधी जहूरला हाक मारावी लागायची. ही हाक म्हणजेच त्याची खरी कमाई होती. सुट्टीत गावी गेला की तो मशिदीच्या पायरीवर बसून लोकांना सांगायचा की कतारमध्ये माझ्या सहीशिवाय गोळी सुटत नाही.

मग दोन हजार पाच साली कॅप्टनसाहेबांनी परदेशातून वीस किट मागवली आणि घोटाळा झाला. पहारेकऱ्यांची पिस्तुलं मोठी, त्यांची काडतुसं महाग, म्हणून सराव वर्षातून दोनदाच व्हायचा आणि त्यात निशाणाचा पुठ्ठा सहसा सुखरूप राहायचा. किटची गंमत अशी की पिस्तुलाची मूठ तीच ठेवायची, वरचा सरकता भाग, नळी आणि मॅगझीन तेवढं बदलायचं. मग तेच पिस्तूल पॉइंट टू-टूची चिमुकली, स्वस्त काडतुसं उडवतं. सराव रोज करा, कुणाच्या पोटात दुखायला नको, असा साहेबांचा हिशेब होता.

दुखलं ते जहूरच्या पोटात. पहिल्याच आठवड्यात दर तिसरी गोळी अडकायला लागली. जहूरला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत होतं, ते म्हणजे तेल. मोठी पिस्तुलं चौदा वर्षं त्याच्या तेलात न्हाऊन निघाली होती आणि त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. छोटं काडतूस मात्र जात्याच नाजूक. त्यात बाहेरची धूळ तेलावर बसली आणि तिचं सारण झालं. जहूरने आणखी तेल घातलं. मग दर दुसरी गोळी अडकायला लागली.

तेव्हा एजन्सीमार्फत राजाभाऊ आले. नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले, बंदुकांच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून हात काळे केलेले. त्यांनी विसाच्या वीस किट फडक्याने कोरडी ठणठणीत पुसली, काडीच्या टोकाने प्रत्येकात तेलाचा एकच ठिपका लावला आणि पन्नास गोळ्या एका दमात उडवून दाखवल्या. कॅप्टनसाहेबांनी राजाभाऊंना आणि जहूरला केबिनमध्ये बसवून कॉफी पाजली. चौदा वर्षांत जहूर त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता, आणि तोही दुसऱ्याच्या लग्नात.

इकडची रीत अशी की पाहुणा कप हलवत नाही तोवर यजमान ओतत राहतो. बोटांत धरलेला कप जरा डोलवला की पुरे, असा त्याचा अर्थ. हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. जहूरने एक कप घेतला, राजाभाऊंच्या नकळत हलवला आणि परत दिला. राजाभाऊंना कोण सांगणार? नाही म्हटलं तर साहेबांचा अपमान होईल या धास्तीने ते पीत राहिले. बाहेर आल्यावर सांगू, असं जहूरने ठरवलं होतं. पण दारातच साहेबांनी राजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना "राजा" अशी हाक मारली. जहूरची जीभ टाळ्याला चिकटली. पिऊ दे, त्याने मनात म्हटलं, अधाशी म्हणून हसतील एक दिवस.

पण हसलं कुणीच नाही. ती कॉफी साहेबांच्या आईच्या हातच्या मसाल्याची होती, वेलची आणि केशर घातलेली. इतर अधिकारी एक कप पिऊन पळायचे. हा एक माणूस आठ-आठ कप पितो, म्हणजे याला चव कळते, असं साहेबांनी ठरवून टाकलं. शिवाय पाहुण्याचं पिणं संपेपर्यंत यजमानाने उठायचं नसतं. म्हणून रोज अर्धा-अर्धा तास गप्पा व्हायला लागल्या. जहूरने खणलेल्या खड्ड्यावर राजाभाऊंनी बंगला बांधला, आणि बिचाऱ्यांना खड्डा होता हेही ठाऊक नव्हतं.

आता सांगायचीही सोय उरली नाही. तीन महिने का नाही बोललात, असं राजाभाऊंनी विचारलं तर काय उत्तर देणार? त्यात ब्रिगेडियरसाहेब किट बघायला येणार असं ठरलं. त्यांना ती पसंत पडली तर नवी रेंज उघडणार होती, नवं शस्त्रागार सुरू होणार होतं आणि जुनं बंद. नव्या शस्त्रागाराची किल्ली एकच. ज्याला ती मिळेल तो प्रमुख, दुसरा त्याचा मदतनीस. किल्ली कुणाला ते साहेब त्याच दिवशी सांगणार होते. जहूर रात्री कूस बदलताना कमरेला हात लावून बघायचा.

फरीज बिन ओमरान वस्तीतल्या जहूरच्या दोन खोल्यांच्या घरातही राजाभाऊंनी पाऊल टाकलं होतं. जहूरनेच सुरुवातीला त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. त्यांनी जहूरच्या बायकोच्या, सलमाच्या हातची सांदणं खाल्ली आणि डोळे मिटून म्हणाले की वहिनी, असं मऊ सांदण नाशिकात कुणाला स्वप्नातही दिसायचं नाही. तेव्हापासून सलमा दर शुक्रवारी त्यांच्यासाठी वेगळा डबा भरायची.

"आज कितवा कप झाला?" डब्याचं झाकण लावता लावता तिने विचारलं.

"नऊ," जहूर म्हणाला. "आणि ह्या डब्यात गूळ जरा कमी घाल. त्याला सवय लागल."

"तुमच्या पोटात काय दुकतंय ता मना कळतंय. कप हलवायचा असतो, येवडा सांगायला काय जीभ झिजते तुमची? त्यो बिचारा नवा हाय."

"नवा हाय म्हणूनच माझी किल्ली घेऊन जायल."

पलंगावर गृहपाठ करणारी रिदा मान वर न करता म्हणाली, "अब्बा, यू आर जस्ट जेलस." जहूरने तिला सांगितलं की हे ॲसिडिटीमुळे होतंय. रिदा म्हणाली, "बट यू डोन्ट इव्हन ड्रिंक द कॉफी." यावर सलमा इतकी हसली की डब्यातला रस ओट्यावर सांडला.

तिकडे राजाभाऊंची अवस्था वेगळीच होती. एके दिवशी किट पुसता पुसता ते जहूरला म्हणाले, "जहूरभाई, मला आताशा झोपच येत नाही हो. छातीत धडधडतं. इथली हवा मानवत नसेल का?" जहूर त्यांच्या बोटांकडे बघत होता. फडकं धरलेली बोटं बारीक थरथरत होती. त्याला सगळं कळलं. कळल्यावर दोन गोष्टी एकदम वाटल्या, एक वाईट आणि एक बरं. जरा बरंच अधिक वाटलं.

"हवाच असेल," तो म्हणाला.

मंगळवारी ब्रिगेडियर आले. चेहरा गंभीर, घड्याळाकडे सारखं लक्ष. कॅप्टनसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि शेजारी कौतुकाने राजाभाऊंना बसवलं. ब्रिगेडियर तीन कपांवर थांबले. राजाभाऊ थांबले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसासमोर तर नाही म्हणणं शक्यच नव्हतं. सहावा झाला, आठवा झाला. ब्रिगेडियर घड्याळ बघत होते, कॅप्टन अभिमानाने बघत होते, अब्बास किटलीत किती उरली ते बघत होता. बाहेर रेंजवर पहारेकरी उन्हात उभे होते आणि पाहुणा पितोय म्हणून कुणालाच उठता येत नव्हतं. जहूर काचेबाहेर उभा राहून कप मोजत होता.

अकरावा कप राजाभाऊंनी पुढे केला आणि त्यांचा हात आपसूक थरथरला. कप डोलला. अब्बासने तो पटकन काढून घेतला. राजाभाऊंचा हात तसाच हवेत राहिला.

"आज पुरे, राजा?" कॅप्टननी इंग्रजीत विचारलं. आवाजात जरा दुखावलेपण होतं. राजाभाऊ रिकाम्या हाताकडे बघून "येस सर" म्हणाले. पानावरून उठवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

रेंजवर आधी राजाभाऊंनी दहा गोळ्या मारायच्या असं ठरलं होतं. त्यांनी पिस्तूल उचललं. नळीचं टोक निशाणावर जाई, मग शेजारच्या निशाणावर, मग परत येई. राजाभाऊ सच्चा कारागीर होते. त्यांनी पिस्तूल जपून टेबलावर ठेवलं, हात जोडले आणि आज आपल्याच्याने होणार नाही म्हणून सांगितलं. कॅप्टनसाहेबांचा चेहरा उतरला. ब्रिगेडियर म्हणाले की ज्याला नेम येत नाही त्याला या किटने शिकता येतं असं तुमचं म्हणणं होतं ना, मग ज्याला अजिबात येत नाही असा एखादा माणूस द्या.

सगळ्यांच्या माना एकदम जहूरकडे वळल्या. चौदा वर्षांपूर्वी मोठ्या पिस्तुलाने त्याने एकच गोळी मारली होती, दोन्ही डोळे मिटून, आणि ती शेजारच्या माणसाच्या पुठ्ठ्याला लागली होती. दलात ती गोष्ट अजून नव्या भरतीला सांगत असत.

जहूरने पिस्तूल हातात घेतलं आणि सवयीने डोळे मिटले. फट् असा आवाज झाला. त्याने धक्क्यासाठी दात आवळले होते, पण धक्का आलाच नाही. दुसरी गोळीही डोळे मिटूनच गेली. तिसऱ्या वेळी त्याने एक डोळा उघडून बघितला, चौथ्या वेळी दोन्ही. छोटी गोळी गुमान जात होती, पिस्तूल हातात शांत बसलं होतं, कोरडं ठणठणीत, एकदाही न अडकता. पुठ्ठा आणला तेव्हा दहापैकी सात काळ्या वर्तुळात होत्या. ब्रिगेडियर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. हा माणूस शिकतो तर कुणीही शिकेल, असं म्हणून त्यांनी तिथेच होकार दिला.

"माझ्या जहूरचा हात बघा, किती स्थिर," कॅप्टन म्हणाले, आणि नवी किल्ली जहूरच्या तळहातावर ठेवली.

माझा जहूर. ते दोन शब्द ऐकून जहूरचे डोळे भरून आले. पण पलीकडे राजाभाऊ आपला हात दुसऱ्या हाताने धरून उभे होते, आणि सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. किल्ली जहूरला वाटली होती त्यापेक्षा जड लागली.

पुढच्या आठवड्यात राजाभाऊंचे दिवस फिरले. केबिनमध्ये बोलावणं यायचं, पण पहिल्याच कपाला हात थरथरायचा आणि अब्बास कप उचलायचा. याला आता आपली कॉफी मानवत नाही, असं साहेबांनी मनावर घेतलं आणि बोलावणं बंद केलं.

"माझं काय चुकलं हो?" राजाभाऊंनी जहूरला विचारलं.

सांगून टाकायला ती वेळ चांगली होती. जहूरने तोंडही उघडलं. "मोठ्या लोकांचा मूड असतो," तो म्हणाला आणि स्वतःचीच लाज वाटून किट मोजायला आत गेला.

शेवटी राजाभाऊंनी पॅन्ट्रीत जाऊन अब्बासलाच गाठलं. हैदराबादचा अब्बास आधी कपाळाला हात लावून हसला, मग म्हणाला, "कप हिलाए तो बस बोलके मतलब होता मियाँ. नईं हिलाए तो मैं सुबू तक डालतूं." राजाभाऊ स्टुलावर बसले. तीन महिन्यांची उडालेली झोप त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्यांना एकदम दुसरीच काळजी वाटली. जहूरभाईंना हे माहीत आहे का? माहीत असतं तर इतका मायेचा माणूस, घरी बोलावून सांदणं खाऊ घालणारा, पहिल्याच दिवशी आपल्याला सांगून मोकळा झाला असता. म्हणजे बिचाऱ्यांना चौदा वर्षांत कुणी सांगितलंच नाही. आणि आज तर साहेबांनी त्यांनाच केबिनमध्ये बसवलंय. राजाभाऊ उठून धावत सुटले.

आत जहूर खुर्चीत ताठ बसला होता. कमरेला नवी किल्ली होती, समोर हसणारे साहेब. तिसरा कप संपला होता आणि तोंड कडूझार पडलं होतं. आता हलवावा म्हणून त्याने मनगट सैल सोडलं, तेवढ्यात काचेपलीकडे धापा टाकणारे राजाभाऊ दिसले. जहूरने मनगट आवळलं आणि कप पुढे केला.

राजाभाऊंनी बाहेरून हवेतच हात डोलवून दाखवला. जहूरने पाचवा घेतला. राजाभाऊ पुन्हा डोलवून दाखवू लागले, आता दोन्ही हातांनी, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. जहूरच्या छातीत धडधडायला लागलं होतं, पोटात कॉफी गुडगुडत होती, पण सातव्या कपाला त्याला स्पष्ट दिसलं की काचेबाहेरचा माणूस जळून नुसता थयथयाट करतोय.

मग त्याने, सगळ्या दलात नावाजलेला आपला स्थिर हात जराही न हलवता, आठवा कप पुढे केला.