तिसरं कोटेशन

आमच्या शेजारचे नाना कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेत नसत. तिसऱ्या ठिकाणचा भाव कळेपर्यंत पहिल्या ठिकाणची कोथिंबीर संपलेली असे, आणि मग नाना रिकामी पिशवी हलवत, पण अगदी तृप्त चेहऱ्यानं घरी येत. आपण फसलो नाही, याचं ते समाधान असे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आम्ही समोरासमोर राहत होतो. मी धुळ्याचा, कामाला बॉयलरवर. नाना रावेरकडचे, कामाला स्टोअरमध्ये. स्टोअरचा नियम असा, की साधे नटबोल्ट घ्यायचे झाले तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, ती एका कागदावर शेजारीशेजारी मांडायची आणि सगळ्यांत स्वस्त असेल त्याला ऑर्डर द्यायची. त्या कागदाला ‘कम्पॅरेटिव्ह’ म्हणत. बाकीचे लोक हा नियम संध्याकाळी ऑफिसातच ठेवून येत. नाना तो जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणत.

“भाव, माल आन् माप,” ते बजावत. “तिन्ही पाह्यल्याबिगर वस्तूले हात लावायचा नही, देवरेभाऊ.”

एकदा त्यांची दाढ ठणकत होती, तर ती काढायचा भाव विचारत ते भुसावळ-जळगावच्या दातांच्या डॉक्टरांकडे फिरले. तिसऱ्या डॉक्टरच्या जिन्यातच दाढ आपोआप पडली. “काम फुकटात झालं,” असं त्यांनी मला ती दाढ दाखवत सांगितलं. बिचाऱ्या डॉक्टरलाही दाखवून आले होते म्हणे.

त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी अक्का म्हणे. नवराबायको दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. त्या घरात अंडं यायचं तर सोडाच, कोंबडीचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा भिंतीवर लागत नसे. मूलबाळ नव्हतं. अक्कांचा सगळा जीव रावेरच्या भावाच्या मुलीवर, शोभावर. आणि त्या शोभाचं लग्न उन्हाळ्यात ठरलं.

अक्कांच्या माहेरची रीत अशी, की लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळायची आणि जात्याला पहिला हात आत्यानं लावायचा. आता जात्यापुढे बसायचं म्हणजे मांडी घालायला हवी, आणि अक्कांचे गुडघे तर दोन वर्षांपासून वाकायलाच तयार नव्हते. त्या खुर्चीवर बसून भाजी निवडत, खुर्चीवर बसून पोथी वाचत. “खुर्चीवर बसून हळद कशी दळू?” असं विचारताना त्यांचे डोळे भरून येत.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला कॉड लिव्हर ऑइल सांगितलं. ते ऐकून नाना थेट माझ्याकडे आले.

“हा कॉड का काय म्हन्तात, तो मासाच हाये ना? का झाडबीड हाये?”

“मासाच, नाना. समुद्रातला. त्याच्या कलेजीचं तेल असतं ते.”

नाना पायरीवर मटकन बसले. मग गळ्यातली माळ चाचपत म्हणाले, “अक्काले सांगायचं नही. वनस्पतीचं औषध म्हनून देऊ. पन साल्या पापाचं तेल घ्यायचंच, तं चांगलं पाहून घेऊ.”

आणि कम्पॅरेटिव्ह सुरू झालं. नमुन्यांना नानांच्या घरात प्रवेश नाही, म्हणून ते आमच्या फ्रिजमध्ये आले. आमच्याकडे तापीचा मासा दर रविवारी शिजे, त्यामुळे आमचा फ्रिज बाटलेलाच होता. भुसावळहून बाटलीतलं पातळ तेल आलं. जळगावहून बारक्या गोळ्या आल्या, त्या शार्क माशाच्या तेलाच्या. नाना टाचणीनं गोळी फोडत, थेंब वर्तमानपत्रावर टाकून डाग उजेडात धरत आणि नाकाला रुमाल लावून वास घेत. रुमाल लावल्यावर वास कसा येणार, हे मी विचारलं नाही.

भाव, माल आणि माप यांची मात्र त्यांनी खरोखर फोड केली. बारकी गोळी स्वस्त, पण डॉक्टरांनी सांगितलेलं माप भरायला त्या दोन-दोन घ्याव्या लागत, म्हणजे स्वस्त तीच महाग. बाटली मापाला सगळ्यांत स्वस्त. मालाचं काय? ते स्वतः चाखू शकत नव्हते, म्हणून त्यांनी कॉलनीतली मनी मांजर आणली. दोन बशांत दोन तेलं ठेवली. मनीनं बाटलीचं तेल चाटून बशी लख्ख केली आणि गोळीच्या तेलाकडे पाठ फिरवली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र त्या दोन्ही बशा आमच्या घरात पुन्हा आणू दिल्या नाहीत.

“झालं तर!” मी म्हणालो. “बाटली घ्या.”

“तिसरं कोटेशन?”

“नाना, लग्न तोंडावर आलंय!”

“तुमी धुळ्याले चाललेच हाये ना रविवारी?”

मला कपाळाला हात लावावासा वाटला. तिकडे ती बाई भिंत धरून चालतेय आणि इकडे हा माणूस तिसऱ्या दुकानासाठी अडून बसलाय! तरी धुळ्याला मी आग्रा रोडवरच्या एका औषधवाल्याकडे गेलो आणि प्रत्येक डबीचा भाव, माप, कंपनी विचारत बसलो. तो शेवटी वैतागला, घ्यायचंय की नुसता भाव काढायचाय असं अहिराणीत विचारू लागला. “भाऊ, बठ्ठं तेल सारखंच शे. तुमले लेवानं शे का नुसता भाव काढाना शे?”

त्याच्याकडची गोळी मोठी होती, पिवळीधमक, अजिबात वास नसलेली आणि सगळ्यांत महाग. मी एक डबी नमुना म्हणून आणली. नानांनी ती नाकाशी नेली, या वेळी रुमालाशिवाय. मग कम्पॅरेटिव्हचा कागद घडी करून खिशात टाकला.

“हेच घ्यायचं.”

“अहो, पण सगळ्यांत महाग आहे हे! मनीनं तर बाटली पास केलीय.”

“बाटलीचा वास येते. अक्काले कळलं तं ती घेनार नही.”

नानांनी उभ्या आयुष्यात सगळ्यांत महाग कोटेशन पास केलं, ते हे एकदाच. स्टोअरमध्ये ही बातमी फुटली असती तर त्यांची चौकशी लागली असती.

गोळ्या सुरू झाल्या. गोळीला बाहेरून वास नव्हता हे खरं, पण गोळी आत जाऊन विरघळते आणि मग ढेकर येतो, हे आमच्या तपासणीत राहूनच गेलं होतं. मनीला तेल देऊन पाहिलं होतं, ढेकर नाही. थोड्याच दिवसांत मनी आमचं दार सोडून अक्कांच्या पायाशी बसायला लागली. अक्कांनी ढेकर दिला की ती मान वर करून आशेनं बघे. नाना तिला हाकलत आणि माझ्याकडे बघून खोकत.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी नानांच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जात असे. एकदा फाटकाशी नानांनी ढेकर दिला आणि वाऱ्याबरोबर तो मागे आला. आमच्या घरात रविवारी दुपारी असतो, तोच वास.

“नाना, तुम्ही?”

“टेस्टिंग,” नाना पुढे बघत म्हणाले. “माल चालू हाये तवर तपासनी चालू ठेवा लागते.”

लग्नाला मी आणि सौ. रावेरला गेलो. केळीचे ट्रक लागतात त्या आवारात मांडव होता. हळदीच्या वेळी अक्का दोघींच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू खाली टेकल्या. एक पाय दुमडला, दुसरा अर्धा राहिला, पण बसल्या. खुंट्याला हात घालून त्यांनी पहिला फेरा दिला आणि बायकांनी गाणं उचललं. नाना दारात उभे होते. त्यांनी इतक्या जोरात नाक शिंकरलं, की गाणं क्षणभर थांबलं.

नंतर मी अक्कांना सरबत नेऊन दिलं. उठवायला चौघी लागल्या होत्या, तरी चेहरा फुलला होता.

“वनस्पतीचं औषध लागू पडलं म्हणायचं,” मी म्हणालो.

त्या हसल्या. “देवरेभाऊ, पहिल्याच ढेकराले कळलं मले. मासा खाल्ला नही, पन तुमच्या खिडकीसमोर इतके वर्षं राह्यली ना!”

“मग घेतलं कसं? माळ?”

“काढली. ह्यायले म्हनलं, दोरा तुटला, ओवायले टाकली. इतके फिरले माह्यासाठी, इतके भाव काढले. कशी नही म्हनू?” त्यांनी दाराकडे पाहिलं. नाना आचाऱ्याला बुंदीचा भाव विचारत होते. “तुमी त्यायले सांगू नका. माळ ठेवायले मी देव्हाऱ्यातली डबी उघडली, तं त्या डबीत ह्यायची माळ पह्यलेच ठेवलेली व्हती.”