नीरफणसाच्या सावलीतली वीज

दूर महासागरातल्या सवाई बेटावरच्या एका गावाने स्वच्छ ऊर्जेचा स्वीकार एकमताने केला. ग्रामसभेने घरोघर सोलर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवून घेतल्या, तारा जोडल्या, आणि मग सगळं गाव अंधारात बसून राहिलं.

कारण रीतसर होतं. कावा या मानाच्या पेयाचा पहिला पेला थोरल्या मताईंना, म्हणजे सर्वांत मोठ्या कुळप्रमुखांना, मग उतरंडीने बाकीच्यांना, हा गावाचा शिरस्ता. तोच विजेला लागू झाला. थोरले मताई तुइलोमा यांचा दिवा लागल्याखेरीज कोणी बटण दाबायचं नाही. आणि तुइलोमांचं घर होतं आजोबांनी लावलेल्या नीरफणसाखाली. तिथे भर दुपारी कोंबड्या रात्र समजून झोपत.

पेलेनिसेला मानपानाशी देणंघेणं नव्हतं. नवऱ्याचं, इओसेफोचं, इन्सुलिन ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी आणि दर तासाला फडकं भिजवी. शेवटी ती सरपंच आसियातांकडे गेली.

"सरपंच, माझ्या छपरावर ऊन सांडतंय. फ्रिज लावू?"

"अगं, आधी थोरल्यांचा दिवा!"

"मग ती फांदी तोडा."

"आजोबांचा हात तोडू म्हणतेस?"

"बरं, त्यांचं पॅनेल माझ्या छपरावर लावा."

"म्हणजे थोरल्यांचा उजेड तुझ्या घरून जायचा? जीभ आवर, पेलेनिसे."

अखेर सभेने तोडगा काढला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने निवृत्त केलेला डिझेल जनरेटर सन्मानाने परत बोलावण्यात आला. त्यावर एक प्रखर दिवा लावून झोत थोरल्यांच्या पॅनेलवर सोडला. ओसरीवरचा बल्ब मिणमिणला, सभेने टाळ्या वाजवल्या, गावाने बटणं दाबली. थोरल्यांचा दिवा विझला तर सगळ्यांना विझवावं लागणार, म्हणून जनरेटर अहोरात्र धडधडू लागला. डिझेल पूर्वीच्या दुप्पट लागे, पण पेलेनिसेच्या फ्रिजमध्ये बाटली गार होती. तिची तक्रार संपली.

पाहणीसाठी राजधानी आपियाहून वीजखात्याचे साकारियासाहेब आले. सगळा प्रकार ऐकून ते हसले. तुम्ही आत्ता हसलात ना, अगदी तसेच.

"अहो, विजेला कसला आलाय मानपान? बंद करा ते धूड!"

जनरेटर थांबला. थोरल्यांचा बल्ब विझला, बाकीचे दिवे मात्र चालूच राहिले. आभाळ कोसळलं नाही. पेलेनिसेला साहेब देवासारखे वाटले. तिने कौतुकाने फ्रिजचं दार उघडून दाखवलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "हा चालू आहे?"

"हो साहेब, उन्हावर!"

"पण योजनेचं उद्घाटन कुठे झालंय? मंत्रिमहोदयांनी कळ दाबल्याशिवाय कोणी काही चालू करायचं नाही." त्यांनी स्वतः प्लग काढला आणि वर सरकारी सील चिकटवलं.

"कधी येणार मंत्री?"

"तारीख मिळाली की."

पेलेनिसेने बाटली काढली आणि फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"एवढंच सांगा साहेब, त्यांचं घर कुठल्या झाडाखाली आहे?"