पद्माक्कांच्या घरातले आवाज

पद्माक्का समोरच्या माणसाकडं बघत नाहीत. त्या डोळे मिटतात, मान जराशी कलती करतात आणि ऐकतात. आपण बोलायचे थांबलो की एक डोळा उघडून म्हणतात, "थांबलासा का? बोला की. माझ्याशी न्हवं, एकमेकांशी."

पहिल्या भेटीत मी आणि माझी बायको सुनंदा त्यांच्या निपाणीच्या घरी पुढच्या सोप्यात बसून असे एकमेकांशी बोलत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर परक्या बाईसमोर नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? सुनंदानं विचारलं, "निघताना गिझर बंद केला होता का?" मी म्हणालो, "केला." ती म्हणाली, "तुमचं 'केला' म्हणजे मला परत बेळगावला जाऊन बघायला लागतं." तिथून विषय गॅसच्या शेगडीवर गेला आणि शेगडीवरून माझ्या आईच्या स्वभावावर. पद्माक्का प्रवचनाला बसल्यासारख्या शांत. शेवटी म्हणाल्या, "आय्तु."

आय्तु म्हणजे कानडीत 'झालं'. मराठी बोलताना हा एवढा एक कानडी शब्द त्या कुठंही वापरतात. चहा पिऊन झाला, आय्तु. ऊन उतरलं, आय्तु. शेजारचं माणूस गेलं, तरी आय्तु.

आम्ही तिथं गेलो होतो ते गुंड्यासाठी. गुंड्या आमचा कुत्रा. तांबूस, गावठी, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. मुलीचे दिवस भरत आले होते, आम्हाला पुण्याला जाऊन राहणं भाग होतं, आणि तिच्या सासूबाईंना कुत्र्याचा केस नुसता दिसला तरी शिंका सुरू होतात. मागच्या खेपेला आम्ही गुंड्याला बेळगावातच एकाकडं ठेवलं होतं. तो गृहस्थ रोज मोबाइलवर फोटो पाठवायचा. गुंड्या मजेत बसलाय. परत यायच्या आदल्या दिवशी सुनंदाच्या लक्षात आलं की फोटो रोज एकच आहे. घरी आणल्यावर गुंड्या पलंगाखाली जाऊन बसला तो बरेच दिवस बाहेर येईना. तेव्हापासून सुनंदानं ठरवलं होतं, विश्वासाचं माणूस मिळालं तरच जायचं.

पद्माक्कांचं नाव सुनंदाच्या शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं. "कुत्र्याला जीव लावतात हो. डोळे झाकून ठेवा," त्या म्हणाल्या आणि थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "फक्त तुम्ही तिथं जास्त वेळ बसू नका."

"का?"

"काही नाही. उगीच आपलं."

घर एका बोळाच्या टोकाला. शेजारी तंबाखूची वखार, कधीची बंद पडलेली. आत आता एक पान नसेल, पण वास अजून भिंतींतून येतो आणि नाक हुळहुळतं. अंगणात एक मोठा काळा लाब्राडॉर, एक पांढरं झुपकेदार आणि एक म्हातारी पामेरियन बसली होती. आम्ही फाटक ढकललं, आत आलो, चपला काढल्या. एकही भुंकलं नाही. तिघं एका ओळीत बसून वखारीच्या भिंतीकडं बघत होती.

"ही भुंकत का नाहीत?" सुनंदानं विचारलं.

"कुणाला भुंकायचं?" पद्माक्का म्हणाल्या. "सगळी घरचीच हाईत." हे बोलताना त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि ती आमच्या मागंपर्यंत नेली. मी वळून बघितलं. मागं रिकामा सोपा होता.

त्या चहा करायला आत गेल्या. थोड्या वेळानं आतून पुरुषाचा खोकला ऐकू आला. दमदार, पन्नाशीतल्या माणसाचा. मग तोच माणूस म्हणाला, "टायगर, कम हिअर, शाबास." काळा लाब्राडॉर उठला आणि शेपूट हलवत आत गेला. पद्माक्का एकट्याच चहा घेऊन बाहेर आल्या.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोण न्हाय."

"आत्ता आवाज आला."

"ते व्हय? ते टायगरचं मालक. दुबईला असत्यात." त्यांनी कप पुढं केला. "साखर बघा बरूबर हाय का."

साखर बरोबर होती. मी आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं गाडीत सुनंदा संकेश्वर येईपर्यंत म्हणत होती. पण गुंड्या, जो दूधवाल्यालाही सात जन्मांचा वैरी समजतो, तो पद्माक्कांच्या पायावर हनुवटी टेकून बसला होता, आणि आम्हाला दुसरं कोणी नव्हतं.

पुण्याला जाताना वाटेत गुंड्याला त्यांच्याकडं सोडलं. पोचल्यावर त्यांचा फोन आला. "जेवंना झालाय."

"त्याला अंडं लागतं हो," मी सांगितलं.

मी भलतंच बोलून बसलो होतो. पद्माक्का जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि त्यांच्याबरोबर कुत्र्यांचंही. दूधभात, कधी भाकरी-आमटी. त्या घरात टायगरसुद्धा अंधार पडल्यावर तोंडात काही घेत नाही.

"अंड्याचं नाव काढू नगासा," त्या म्हणाल्या. "बघते, करते कायतरी. आय्तु."

दोन दिवसांनी न राहवून मीच फोन केला. पलीकडून फोन उचलला गेला, पण त्यांनी कानाला लावला नव्हता बहुतेक. लांबून माणूस बोलताना ऐकू येत होता. "चल रे बाबा गुंड्या, खाऊन घे. नाटकं नकोत." मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. तो माणूस मी होतो. माझा आवाज, शेवटच्या शब्दावर घसरणारा, सुनंदा ज्याला 'ढेकर आल्यासारखा' म्हणते तो. मी फोन बंद केला.

"काय म्हणाल्या?" सुनंदानं विचारलं.

"नेटवर्क नाही," मी म्हणालो. दिवस भरलेल्या लेकीच्या घरात असलं काही बोलायचं नसतं.

नातवाचं बारसं झालं आणि आम्ही परतलो. निपाणीत शिरलो तेव्हा टळटळीत दुपार होती, बोळात चिटपाखरू नव्हतं. कुत्री अंगणात नव्हती. फाटकाला हात लावणार तेवढ्यात सुनंदानं माझा दंड घट्ट धरला.

घरात आम्ही भांडत होतो.

"निघताना गिझर बंद केला होता का?" सुनंदा आतून विचारत होती. "केला," आतला मी म्हणालो. "तुमचं केला म्हणजे..." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुनंदाचे ओठ मिटलेले होते. आत ती शेगडीवर आली. पुढं माझ्या आईचा विषय निघणार हे मला माहीत होतं, आणि तो निघाला. "त्यांना सुनेचं कधी पटलंय?" आतली सुनंदा म्हणाली, आणि मी वर्षानुवर्षं सोडतो तो सुस्कारा कोणीतरी सोडला.

मी दार ढकललं. पद्माक्का भिंतीला टेकून एकट्या बसल्या होत्या. पुढ्यात गुंड्या मान खाली घालून दूधभात चापत होता. आम्हाला बघून त्यांनी बोटानं गप्प बसा अशी खूण केली आणि सुनंदाच्या आवाजात वाक्य पुरं केलं.

गुंड्यानं ताट चाटलं, मग वर बघितलं, आणि मग दोन-दोन सुनंदा बघून त्याचा जो काही गोंधळ उडाला तो सांगता येत नाही. तो आधी पद्माक्कांच्या अंगावर उडी मारून आला, मग आमच्या.

"नुसती लाडाची हाक मारून बघितली," पद्माक्का म्हणाल्या, "ढुंकून बघंना. मग तुमचं भांडण काढलं. लगीच जेवला. आता भांडण काढल्याशिवाय घास घेत न्हाय."

सुनंदा आधी रडली, मग हसत सुटली. तिला हसताना बघून पद्माक्कांनी डोळे मिटून मान कलती केली, आणि मी घाईनं म्हणालो, "हे नको, आक्का. एवढं घरचं घरी राहू दे."

मग त्यांनी सांगितलं. त्या आणि त्यांचे थोरले अण्णा, दोघंच या घरात. दोघांचीही लग्नं राहून गेली. अण्णा वखारीवर होते, वखार बंद झाल्यावरही संध्याकाळी तिकडं फेरी मारून यायचे. ते गेले आणि त्यांच्या कुत्रीनं अन्न सोडलं. वखारीच्या भिंतीकडं बघत पडून राहायची. "एक दिवस मी आतनं त्येंच्या आवाजात हाक मारली. का मारली म्हायत न्हाय. कुत्री उठली, जेवली. पुढं लई दिवस जगली." त्या पदराशी चाळा करत होत्या. "ती गेली आणि अण्णांचा आवाज बी गेला. सगळ्यांचा येतोय. टायगरच्या मालकाचा, तुमचा. तेवढा एक येत न्हाय."

आम्ही निघालो. सुनंदा गुंड्याला घेऊन गाडीकडं गेली. मी चपला घालत असताना पद्माक्का दारात आल्या.

"एक सांगू का? सगळी आक्काच म्हणत्यात आता. नावानं हाक मारणारं कोण ऱ्हायलं न्हाय. तुमचा आवाज जरा तसा हाय. एकदा मारता काय? नुसतं 'पद्मे' म्हणून."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी कसं म्हणणार? घसा खाकरून हळूच म्हणालो, "पद्मे."

"अशी न्हवं. लांबनं. वखारीकडनं आल्यावाणी."

त्या आत गेल्या. मी अंगण ओलांडून वखारीच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. उन्हात तंबाखूचा वास तापला होता. मी मोठ्यानं हाक मारली, "पद्मे!"

"आले, अण्णा!"

घरातून आवाज आला तो पद्माक्कांचा नव्हता. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा होता, धावत येताना धाप लागलेला. मागच्या परसात झोपलेली तिन्ही कुत्री उठून अंगणात आली आणि दाराकडं बघत बसली. दारात कोणी आलं नाही.

 मग कोणी न सांगता मी आणखी एकदा हाक मारली.